चाहूल लागताच उजळणाऱ्या वनस्पती: अनिशिनाबे संस्कृती आणि प्रकाशकला

प्रेक्षक जवळ आला, थांबला, बोलला किंवा त्याने हात लावला की जिच्यातील उजेड बदलतो, अशा कलाकृतीला परस्परसंवादी प्रकाशकला म्हणतात. कॅनडा आणि अमेरिकेच्या पंचमहासरोवरांच्या परिसरात शेकडो वर्षे राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांच्या वनस्पती, कथा आणि भाषा या कलेतून मांडल्या जातात, तेव्हा पाहणाऱ्याला पहिल्या क्षणी दिसतात ती रंगीत पाने, चमकणारी फुले आणि पायांखाली हलणारे पाणी. ते दृश्य सुंदर असतेच. पण या कलेत संस्कृती नेमकी कोठे असते हे समजून घ्यायचे असेल, तर फुलांच्या चित्रापेक्षा एका अदृश्य गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. प्रेक्षकाने काय केले असता उजेडाने काय करावे, हे ठरवणारा नियम म्हणजे ती गोष्ट. हा नियम संगणकाच्या भाषेत लिहिलेला असला, तरी त्यातील विचार वनस्पतींशी कसे वागावे याविषयीचा असू शकतो, आणि माझ्या मते अशा कलाकृतीचा खरा कस तेथेच लागतो.

अनिशिनाबे हे एका जमातीचे नाव नसून परस्परांशी भाषेने आणि नात्याने जोडलेल्या अनेक राष्ट्रांचे सामाईक नाव आहे. ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी या तिघांचा जुना संघ ‘तीन अग्नींची परिषद’ म्हणून ओळखला जातो. अल्गोन्क्विन, निपिसिंग, मिसिसागा आणि सोल्टो हेही याच परिवारातले. त्यांची भूमी आजच्या ऑन्टारिओ, मॅनिटोबा, मिशिगन, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या प्रांतांत व राज्यांत पसरली आहे. टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहराला याच लोकांचे नाव मिळाले आहे. त्या शहरात आणि शेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये आज जी मराठी कुटुंबे राहतात, ती बहुतांशी १८१८ च्या करारात मिसिसागा लोकांच्या हातून गेलेल्या भूमीवर राहतात. खुद्द टोरोंटोच्या जमिनीच्या जुन्या व्यवहाराबाबतचा दावा २०१० मध्ये कॅनडा सरकारने १४.५ कोटी कॅनेडियन डॉलर देऊन मिटवला.

अशा कलेला उत्सवाचे रूप का येते, हे समजण्यासाठी एक कटू इतिहासही लक्षात ठेवावा लागतो. कॅनडाच्या ‘इंडियन ॲक्ट’ या कायद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळनिवासींच्या अनेक समारंभांवर बंदी घातली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. अमेरिकेत मूळनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याला स्पष्ट कायदेशीर संरक्षण मिळायला १९७८ साल उजाडले. मूळनिवासी मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळांत त्यांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. ज्या वनस्पतींचा पवित्र धूर घरात लपूनछपून करावा लागत होता, त्यांची नावे आता शहराच्या चौकात मोठ्या आवाजात ऐकू येतात आणि त्यांची पाने इमारतींच्या भिंतींवर उजळतात, यातला आनंद म्हणूनच नुसत्या सजावटीचा नाही.

आता वनस्पतींकडे वळू. अनिशिनाबे परंपरेत चार वनस्पतींना पवित्र औषधींचे स्थान आहे: असेमा म्हणजे तंबाखू, गीझिक म्हणजे उत्तरेकडील पांढरा सीडर हे सदाहरित झाड, मश्कोदेवश्क म्हणजे सेज ही सुगंधी वनस्पती, आणि विंगश्क म्हणजे गोड वासाचे एक गवत. असेमा येथे व्यसनाची वस्तू नसते. रानातून काही घेण्यापूर्वी किंवा एखाद्या ज्येष्ठाला काही विचारण्यापूर्वी ती अर्पण केली जाते. विंगश्कची पाने कापून त्यांची तीन पेडांची वेणी घालतात. वाळा जसा उन्हाळ्यात घरभर दरवळतो, तसा हे गवत वाळू लागले की त्याला व्हॅनिलाची आठवण करून देणारा सुगंध सुटतो, आणि तो कूमरिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. पोटावाटोमी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांच्या मार्गदर्शनाखाली या गवतावर एक अभ्यास झाला. परंपरेच्या रीतीने मर्यादित कापणी केलेल्या तुकड्यांत गवत जोमाने वाढले आणि ज्या तुकड्यांना कोणी हातच लावला नव्हता तेथे ते मागे पडले, असे त्यातून दिसले. माणसाने निसर्गापासून दूर राहणे म्हणजेच निसर्गाचे रक्षण, ही समजूत येथे टिकत नाही. आदराने घेणे आणि परत देणे हेही वनस्पतीच्या जगण्याचा भाग असू शकते. परस्परसंवादी कलेला हा विचार विलक्षण जुळतो, कारण प्रेक्षकाच्या सहभागाशिवाय तीही अपुरीच असते.

या चारांइतकेच महत्त्व मनोमिनला आहे. इंग्रजीत त्याला रानटी तांदूळ म्हणत असले, तरी आपल्या भाताचे आणि त्याचे कूळ जवळचे असून जात वेगळी आहे. पाण्यावर अन्न उगवते अशा प्रदेशात जाऊन राहा, अशी भविष्यवाणी झाली आणि लोक पूर्वेच्या समुद्रकिनाऱ्याकडून पश्चिमेस सरोवरांच्या प्रदेशात आले, अशी अनिशिनाबे स्थलांतराची कथा आहे. ते अन्न म्हणजे मनोमिन. उथळ, संथ पाण्याच्या तळाशी पडलेले बी वसंतात रुजते, उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्याची लांब पाने पाण्याच्या पृष्ठभागावर केसांसारखी आडवी तरंगतात आणि मग ताठ होऊन वर येतात. पाने तरंगत असतानाच्या काही आठवड्यांत पाण्याची पातळी एकाएकी वाढली, तर रोप मुळासकट उपटले जाते. ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये दोघेजण होडीतून जातात. एक जण लांब काठीने होडी पुढे ढकलतो आणि दुसरा दोन हलक्या दांड्यांनी ताटे होडीत वाकवून दाणे झोडतो. काही दाणे होडीत पडतात, काही पाण्यात, आणि पाण्यात पडलेले दाणे पुढच्या वर्षाचे बियाणे होतात. मिनेसोटातील व्हाइट अर्थ या ओजिब्वे राष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये मनोमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क दिले. २०२१ मध्ये तेलवाहिनीच्या कामासाठी होणाऱ्या पाणीउपशाविरुद्ध मनोमिनच्याच नावाने दावाही दाखल झाला. २०२२ मध्ये त्या राष्ट्राच्याच अपील न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो फेटाळला, पण एक वनस्पती वादी म्हणून न्यायालयाच्या दारात उभी राहिली ही घटना घडून गेली.

प्रकाशकलेच्या दृष्टीने मात्र सर्वांत बोलके झाड आहे वीगवास, म्हणजे पांढऱ्या सालीचा बर्च. त्याच्या सालीतील बेट्युलिन या द्रव्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, म्हणून ती साल पांढरी दिसते. उन्हाळ्याच्या सुरुवातीस ती सहज सुटते, आणि आतला जिवंत थर न दुखावता बाहेरची साल काढली तर झाड मरत नाही. तिच्या होड्या होतात, भांडी होतात, घरांची आच्छादने होतात. तिचा आणखी एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सालीचा कागदासारखा पातळ पापुद्रा सोलून घ्यायचा, त्याची हव्या त्या कोनात दुमडून घडी करायची आणि दातांनी, विशेषतः सुळ्यांनी, तिच्यावर नेमका दाब देत नक्षी उमटवायची. जोर जास्त झाला तर साल फाटते आणि कमी पडला तर खूण उमटत नाही. काम चालू असताना नक्षी डोळ्यांना दिसतच नाही, ती सगळी मनात धरावी लागते. घडी उलगडली की एकाच फुलाची, किड्याची किंवा पानाची समतोल आकृती सर्व बाजूंना पसरलेली असते, आणि ती पूर्णपणे पाहायची तर पापुद्रा उजेडासमोर धरावा लागतो. चावलेल्या जागी साल अधिक पातळ झालेली असल्याने तेथून प्रकाश अधिक आरपार जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रान्सेस डेन्समोर या अभ्यासक महिलेने ओजिब्वे स्त्रियांकडून असे नमुने जमवले होते. मिशिगनमधील ओडावा-पोटावाटोमी कलावंत केली चर्च यांच्यासारख्या व्यक्ती आजही ही कला जिवंत ठेवत आहेत; अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने २०१८ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला. वनस्पती, शरीर आणि प्रकाश या तिन्हींनी मिळून घडणारी कला या लोकांकडे वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून होती, हे ध्यानात घेतले की एलईडीच्या कलाकृती त्यांच्या संस्कृतीला बाहेरून चिकटवलेल्या वाटत नाहीत.

मण्यांच्या कामाबद्दलही असेच म्हणता येते. साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांचे भरतकाम येथे आधीपासून होते. युरोपीय व्यापारातून काचेचे मणी आले आणि एकोणिसाव्या शतकात पंचमहासरोवरांच्या परिसरातील स्त्रियांनी त्यांतून वेली, कळ्या, ओकची पाने आणि स्ट्रॉबेरी अशी फुलापानांची समृद्ध शैली घडवली. खांद्यावरून तिरक्या घेतल्या जाणाऱ्या मोठ्या पिशव्यांवर हजारो मणी एकेक करून शिवलेले असतात. प्रत्येक बिंदूचा रंग स्वतंत्रपणे ठरवून मोठी आकृती उभी करण्याची ही रीत प्रकाशबिंदूंच्या पडद्याला फार जवळची आहे, आणि अशी नक्षी एलईडीत आणताना तिचे मूळ वळण बहुधा शाबूत राहते.

आता यंत्राची बाजू पाहू. अशा कलाकृतीचे तीन भाग असतात: चाहूल घेणारा संवेदक, निर्णय घेणारा छोटा संगणक आणि उजेड देणारे दिवे किंवा प्रक्षेपक.

सर्वांत साधा संवेदक शरीराच्या उष्णतेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण ओळखतो. आपोआप लागणाऱ्या जिन्यातल्या दिव्यांत तोच असतो. त्याला स्थिर उष्णता कळत नाही, तिच्यातला बदल तेवढा कळतो. कॅनडाच्या हिवाळ्यात त्याची एक अडचण होते. जाड कोटाचा बाहेरचा पृष्ठभाग हवेइतकाच थंड झालेला असतो, त्यामुळे माणूस आणि पार्श्वभूमी यांतला फरक कमी होतो आणि संवेदक चुकतो. अशा ठिकाणी खोली मोजणारा कॅमेरा वापरतात. तो अदृश्य प्रकाशाचा स्पंद सोडतो आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटीमीटर जातो, एवढ्या बारीक वेळाचा हा हिशेब आहे. पडणारा बर्फ मात्र या कॅमेऱ्यालाही फसवतो, आणि प्रत्येक हिमकण पाहुणा समजला जाऊ नये म्हणून आज्ञावलीत गाळणी लावावी लागते.

स्पर्श ओळखण्याची पद्धत वेगळी आहे. मानवी शरीर थोडा विद्युतभार साठवू शकते, म्हणून तांब्याच्या पट्टीला किंवा विद्युतवाहक धाग्याला हात लागला की तेथील भार बदलतो आणि संगणकाला तो बदल मोजता येतो. वनस्पतीच्या पेशींत पाणी आणि क्षार असल्याने ओल्या मातीत एक तार खोचली तर जिवंत झाडच स्पर्शाचा संवेदक होते. पानाला बोट लागताच भिंत उजळते आणि मुले हरखून जातात. तरी दिवसभरात शेकडो हात एका रोपाला लागले तर त्या रोपाचे काय होईल, हा प्रश्न अनिशिनाबे दृष्टीने पहिला आहे. म्हणून मला स्वतःला स्पर्शाऐवजी थांबणे, श्वास किंवा आवाज यांना प्रतिसाद देणारी रचना अधिक योग्य वाटते.

उजेडाचा भाग तुलनेने सरळ आहे. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म दिवे असतात आणि प्रत्येकाच्या २५६ पातळ्या धरल्या तर सुमारे १ कोटी ६७ लाख रंग मिळतात. रंगमंचावरील दिव्यांसाठी १९८० च्या दशकात ठरलेली एक नियंत्रणपद्धत आजही प्रचलित आहे. तिच्या एका जोडणीत ५१२ मार्ग असतात, म्हणजे तीन रंगांचे १७० बिंदू. एलईडीला थंडी मानवते, बॅटरीला मानवत नाही. प्रक्षेपकाची एक मर्यादा मात्र कलेवरच परिणाम करते: त्याला काळा रंग फेकताच येत नाही, कारण काळा म्हणजे उजेडाचा अभाव. नॉर्वल मॉरिसो आणि डॅफ्ने ओजिग या अनिशिनाबे चित्रकारांनी विसाव्या शतकात रुजवलेल्या वुडलँड शैलीत ठसठशीत काळ्या रेषांना मोठे स्थान आहे. प्राणी, माणसे आणि वनस्पती त्या रेषांनी एकमेकांना जोडलेल्या असतात. या परंपरेतले चित्र भिंतीवर फेकायचे तर भिंतच पुरेशी अंधारी लागते. हिवाळ्यातली बर्चची पांढरी खोडे प्रक्षेपणासाठी उत्तम पडदा ठरतात खरी, पण त्यांच्यामधला काळोखही तितकाच जपावा लागतो.

या दोन भागांच्या मध्ये असतो तो नियम, आणि त्याची कल्पना येण्यासाठी काही काल्पनिक उदाहरणे घेऊ. समजा जमिनीवर मनोमिनची तरंगती पाने प्रक्षेपित केली आहेत. पहिल्या रचनेत कोणीही पाऊल टाकले की पाने लखलखतात आणि जितके नाचाल तितका उजेड वाढतो. दुसऱ्या रचनेत घाईघाईने चालणाऱ्याच्या पावलांतून लाटा उठतात, पाने उपटून वाहून जातात आणि ती जागा काही मिनिटे रिकामीच राहते. सावकाश चालणाऱ्याच्या पायांखाली मात्र पाने सरकून वाट देतात, आणि काही वेळाने त्यांतून कणसे वर येतात. चित्र तेच, दिवे तेच आणि खर्चही जवळपास तोच. पहिल्या रचनेत वनस्पती प्रेक्षकाच्या हौसेसाठी आहे. दुसरीत पाण्याच्या पातळीची ती नाजूक अवस्था, वाचून नव्हे तर स्वतःच्या पायांनी, कळते.

विंगश्कच्या बाबतीतही असे करता येईल. समोर उजेडाच्या शंभर पाती आहेत आणि हात पुढे केला की एक पात तुमच्याकडे येते. प्रत्येकाने थोड्याच घेतल्या तर पुढच्या तासात पाती दाट होतात, एकाने सगळ्या ओढल्या तर मागून येणाऱ्यांसाठी तेथे काळोख उरतो, आणि कोणीच काही घेतले नाही तरी कुरण हळूहळू निस्तेज होत जाते. संगणकाच्या दृष्टीने हा एक वाढणारा-घटणारा आकडा आणि दोन-तीन अटी आहेत. पण घेण्याआधी विचारावे, पहिले दिसलेले घेऊ नये, निम्म्याहून अधिक घेऊ नये, जे मिळाले त्याबद्दल काही द्यावे, ही शिकवण त्या अटींत उतरू शकते. वेगाचाही येथे संबंध येतो. एका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मिळालेला प्रतिसाद माणसाला तात्काळ वाटतो, आणि बहुतेक तंत्रज्ञ तो वेग गाठण्यासाठी धडपडतात. येथे मात्र मुद्दाम केलेला उशीर मोलाचा ठरतो, कारण हात हलवताच दिवा लागला तर माणूस मालक होतो आणि थोडे थांबल्यावर लागला तर पाहुणा.

प्रत्यक्ष साकारलेल्या तीन कलाकृतींचा उल्लेख आवश्यक आहे. लॅक स्यूल या अनिशिनाबे राष्ट्राच्या रिबेका बेलमोर यांनी २००५ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकी या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात कॅनडाचे प्रतिनिधित्व केले, आणि तेथे त्यांनी चित्रफीत कापडाच्या पडद्याऐवजी कोसळत्या पाण्यावर प्रक्षेपित केली. प्रकाश कशावर पडतो हेही अर्थाचा भाग असते, हे त्यातून लख्ख दिसले. २०१७ च्या शरद ऋतूत ऑटोवातील शोदिएर धबधब्यावर ‘मीवाते’ हा ध्वनिप्रकाशाचा उपक्रम झाला. मॉन्ट्रियलच्या मोमेंट फॅक्टरी या संस्थेने तो अल्गोन्क्विन अनिशिनाबे समुदायांच्या सहकार्याने उभारला होता. तो धबधबा अल्गोन्क्विनांसाठी पवित्र असूनही उद्योगांच्या आणि धरणाच्या कुंपणामागे सुमारे शतकभर सर्वसामान्यांपासून दूर राहिला होता. २०१८ मध्ये अनिशिनाबे चित्रपटकार लिसा जॅक्सन यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासह ‘बीदाबान: फर्स्ट लाइट’ ही आभासी वास्तवातली कलाकृती साकारली. डोळ्यांवर उपकरण लावून प्रेक्षक अशा टोरोंटोत उभा राहतो, जेथे पाणी आणि झाडे शहरात परतली आहेत आणि कानावर वेंडाट, मोहॉक आणि अनिशिनाबेमोविन या त्या भूमीच्या भाषा पडतात. वनस्पती येथे शोभेच्या कुंडीत नाहीत. त्यांनी शहराचा ताबा घेतला आहे आणि माणूस त्यांच्यात राहायला शिकतो आहे.

असे अनेक उपक्रम थंडीच्या दिवसांत होतात. त्याचे उघड कारण लांब रात्री हे आहे, पण दुसरे कारणही आहे. अनिशिनाबे परंपरेत पवित्र कथा जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात. त्यामुळे हिवाळ्यातील प्रकाशाच्या वाटेवर अशी कथा ऐकवणे रीतीला धरून असते आणि तीच कथा पर्यटकांसाठी जुलैमध्ये वाजवणे रीतीविरुद्ध ठरते.

वनस्पतींच्या दृष्टीनेही हिवाळा बरा. झाडे रात्रीची लांबी फायटोक्रोम या रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजतात, आणि विशेषतः लाल प्रकाश त्यांच्या रात्रीत खंड पाडू शकतो. रस्त्यावरच्या दिव्यांजवळच्या झाडांची पाने उशिरा गळतात, हे १९३० च्या दशकातच नोंदले गेले आहे. उन्हाळ्यात निळसर-पांढऱ्या झोताकडे पतंग ओढले जातात आणि रात्री फुलणाऱ्या वनस्पतींचे परागीभवन बिघडते. वनस्पतींचा गौरव करणारी कलाकृती वनस्पतींनाच त्रास देत असेल तर तिला अर्थ राहत नाही. त्यामुळे दिवे खालच्या दिशेने ठेवणे, निळा भाग कमी करणे, माणसे नसताना पूर्ण अंधार करणे आणि जिवंत रोपांवर थेट झोत न टाकणे या गोष्टी आराखड्यातच असाव्या लागतात. संवेदकामुळे हे सोपेही होते, कारण कोणी आलेच नाही तर दिवा लागण्याचे कारणच नसते.

शेवटचा प्रश्न मालकीचा आहे. अशा कलाकृतीसाठी ज्येष्ठांच्या आवाजात वनस्पतींची नावे ध्वनिमुद्रित होतात, मण्यांच्या जुन्या नक्षींची छायाचित्रे घेतली जातात आणि औषधींविषयीचे ज्ञान विचारले जाते. यांपैकी काही ज्ञान सर्वांसाठी असते आणि काही समारंभाबाहेर न्यायचे नसते. बर्चच्या सालीवरील पवित्र लेखांच्या गुंडाळ्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात, आणि त्यांवरील चिन्हे सजावट म्हणून भिंतीवर फेकणे हा अपमान ठरतो. कॅनडातील मूळनिवासी राष्ट्रांनी १९९८ पासून आपल्या माहितीबाबत चार तत्त्वे पुढे ठेवली आहेत: मालकी, नियंत्रण, प्रवेश आणि प्रत्यक्ष ताबा. ती संशोधनातील माहितीसाठी ठरली असली, तरी प्रकाशकलेलाही नेमकी लागू पडतात. प्रदर्शन उतरवल्यानंतर ध्वनिमुद्रणे कोणाच्या संगणकावर राहतील, तीच आज्ञावली दुसऱ्या शहरात वेगळ्या नावाने विकता येईल का, एखाद्या ज्येष्ठाच्या निधनानंतर त्यांचा आवाज वाजवण्यास कोणाची परवानगी लागेल, आणि प्रदर्शनासाठी वाढवलेली विंगश्कची रोपे नंतर कोणाच्या जमिनीत लावली जातील, हे सर्व पहिला दिवा लावण्यापूर्वी समुदायाबरोबर बसून लेखी ठरवावे लागते, आणि त्या बैठकीची सुरुवात असेमा अर्पण करून होते.